हयात मुलगे तीन

२ मार्च २०११, बुधवार. महाशिवरात्र होती, शाळेला सुटी. तरी सकाळी सात वाजता पिशवीत पत्रकांचा गठ्ठा घालून मी देवरुखच्या खोलीतून निघालो. जनगणनेची दुसरी फेरी १ ते ५ मार्च अशी पाचच दिवसांची होती आणि माझ्या गटातल्या दोन वाड्या पार डोंगराच्या कुशीत होत्या. मार्लेश्वरला निघालेल्या गाड्यांनी रस्ता गजबजला होता. फाट्यावर उतरून पाखाडी चढायला लागलो तसा तो आवाज मागे पडला. काजू मोहोरले होते. कुठेतरी भाजावळ चालली होती, तिचा धूर खाली उतरत होता.

मी मूळचा बीड जिल्ह्यातला. डी.एड. झाल्यावर जिल्हा परिषदेची नोकरी लागली ती रत्नागिरीत, संगमेश्वर तालुक्यात. माझ्यासारखे मराठवाड्यातून आलेले गुरुजी कोकणात गावोगाव भेटतात. जनगणनेत कळलेली माहिती गुप्त ठेवायची, असा १९४८ चा कायदा आहे. म्हणून गावाचं, वाडीचं, माणसांचं नाव मी इथे घेणार नाही. पण त्या दिवसाबद्दल कधीतरी लिहायचं हे मनात होतं.

पहिली फेरी ९ ते २८ फेब्रुवारी झाली. प्रत्येक माणसाबद्दल २९ प्रश्न. त्याआधीच्या उन्हाळ्यात घरयादी केली तेव्हाच त्या वरच्या वाडीचा अंदाज आला होता. एकवीस घरं आणि नऊ दारांना कुलूप. चिऱ्याच्या भिंती धड, कौलं शाकारलेली, खळ्यात मात्र पालापाचोळा. उघड्या बारा घरांत बहुतेक म्हातारी माणसं, मधल्या वयाच्या काही बाया आणि थोडी मुलं. पंचवीस ते चाळीस वयाचे पुरुष मला त्या वाडीत दोनच भेटले. त्यातला एक पायाने अधू होता.

एक प्रश्न असा होता, की तुम्ही आधी कुठे राहत होतात आणि इथे का आलात? उत्तरांना संकेतांक ठरलेले. बायांच्या नोंदींत मी दिवसभर ‘लग्न’ हाच संकेतांक भरत होतो. ‘काम, नोकरी’ हा संकेतांक त्या वाडीत एकदाही लागला नाही. तो लागत होता तिकडे, यांचे नवरे आणि मुलगे जिथे मोजले जात होते तिथे. शेवटचा प्रश्न विवाहित स्त्रियांसाठी होता. गेल्या वर्षभरात जन्मलेलं मूल. तो रकाना माझ्या मनाला जास्त लागला. मी पहिली-दुसरीला शिकवत होतो. आज त्या रकान्यात जे भरलं जाईल तोच पाच-सहा वर्षांनंतरचा माझा पहिलीचा वर्ग. अख्ख्या वाडीत तो रकाना कोराच राहिला.

आजींचं घर वाडीच्या टोकाला. पंधरा-सोळा फेब्रुवारीला गेलो तेव्हा त्या पडवीत सूप घेऊन कुळीथ पाखडत बसल्या होत्या. शिरगणतीवाले गुरुजी आलेत म्हटल्यावर उठल्या, आत गेल्या, ट्रंक उघडल्याचा आवाज आला आणि रेशनकार्ड घेऊन बाहेर आल्या. कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी फडक्यात गुंडाळलेली. त्यावर अकरा नावं होती.

“तिगांची नावा आधी लिवा. माजा मागसून लिवलात तरी चालंल.”

मुलगे कुठे असतात विचारलं. एक नालासोपाऱ्याला, एक डोंबिवलीला, धाकटा दिव्याला. यांच्यापैकी कोणी या वीस दिवसांत इथे राहायला होतं का? नाही. गणपतीला येतात. शिमग्याला येतात. पालखी घरात येते तेव्हा नाचवायला तिघेही हवेतच.

प्रशिक्षणात आम्हाला हे अगदी घोकून दिलेलं होतं. ९ ते २८ फेब्रुवारी या काळात जो माणूस घरी अजिबात नव्हता त्याला त्या घरात लिहायचं नाही, तो जिथे असेल तिथले लोक त्याला मोजतील. रेशनकार्ड, मतदारयादी, सातबारा यांचा इथे संबंध नाही. नियम बरोबरच आहे. नाहीतर एक माणूस दोन ठिकाणी मोजला जाईल. मी आजींना हे माझ्या परीने सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “घर त्येंचा हाय. मी राखणीस हाय. राखणदाराचा नाव लिवतंव आनि धन्याचा नाय?”

मला उत्तर सुचलं नाही. पेन हातात धरून पुढचे प्रश्न विचारत गेलो. वय कळत नव्हतं. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा धाकटा पोटात होता, एवढं पक्कं. भूकंप १९६७ च्या डिसेंबरचा. थोरल्यांचे अंतर धरून मागे मोजत गेलो आणि वय त्र्याहत्तर लिहिलं. नवरा लालबागला गिरणीत होता. १९८२ च्या संपानंतर पुन्हा कामावर घेतलं नाही, गावी परत आला, दहा वर्षांनी गेला. तोवर या घरात कुणी बारा महिने पुरुषमाणूस पाहिलाच नव्हता. मनीऑर्डर यायची आणि सणाला माणूस यायचा.

मग तो प्रश्न आला. हयात मुलगे किती, हयात मुली किती. आणि त्याच्याखाली, जिवंत जन्मलेली एकूण मुलं किती. आजींचे हात सुपावर थांबले.

“मुलगे तीन. चेडू एक. आनि जल्मली म्हनाल तर सा. एक देवीत गेला. एक तशीच, म्हयन्याभराची.”

मी चौकटींत आकडे भरले. पत्रकं यंत्रात वाचली जाणार होती, म्हणून आकडा चौकटीच्या रेषेला लागू नये असं बजावलेलं असायचं. ३ चा आकडा मी सावकाश काढला. आजी वाकून पाहत होत्या.

“ह्यो काय?”

“तुमचे तीन मुलगे. हयात मुलगे, तीन.”

“नावा नायत?”

“नावं नाहीत. आकडा आहे.”

त्यांनी बोट त्या चौकटीजवळ आणलं, टेकवलं नाही. “आकडा तर आकडा. गेला ना कागदात?” आणि मग मला गूळ-पाणी दिलं.

आता २ मार्च.

दुसऱ्या फेरीत काम थोडं असतं. १ मार्चच्या मध्यरात्री शून्य वाजता जी माणसं होती तीच राज्याची लोकसंख्या, म्हणून त्या क्षणाआधी कुणी जन्मलं किंवा गेलं असेल तर पत्रक दुरुस्त करायचं. दोन घरी ‘काही बदल नाही’ लिहून मी टोकाकडे निघालो आणि गडग्याबाहेर चपलांचा ढीग दिसला. खळ्यात माणसंच माणसं. लहान मुलं पायऱ्यांवर. दोरीवर मुंबईचे कपडे वाळत होते. कुणीतरी वऱ्हांड्यात चार्जर लावायला जागा शोधत होतं. मी त्या घरात एकदम एवढी माणसं कधी पाहिली नव्हती, आणि क्षणभर मला बरं वाटलं हे खरं सांगतो.

आजी रविवारी पहाटे गेल्या होत्या. २७ फेब्रुवारीला.

थोरल्याने मला आत बसवलं. तिघे भाऊ, त्यांच्या बायका, मुलं, बहीण, जावई. सोळा-सतरा माणसं होती. त्यांना वाटलं मी शाळेतून भेटायला आलोय. मी पत्रकाचं सांगितलं तेव्हा थोरला म्हणाला, “आई फोनवर सांगत होती, गुरुजींनी आम्हा तिघांना लिहून नेलंय.”

मी त्यांना विचारलं, मुंबईत तुमच्याकडे मोजणीला कुणी आलं होतं का? नालासोपाऱ्याच्या आणि डोंबिवलीच्या घरी येऊन गेले होते. दिव्याचा धाकटा म्हणाला, आमच्या चाळीत शनिवारपर्यंत कुणी फिरकलंच नाही, आणि रविवारी आम्ही कुलूप लावून निघालो. तेराव्यानंतरच परत जाणार. म्हणजे ५ मार्च उलटून जाणार. मग मला तुम्हीच लिहा ना गुरुजी, चार माणसं आहोत. मी आता इथेच आहे.

मला लिहावंसं फार वाटत होतं. ते पत्रक माझ्यासमोर होतं, खाली जागा होती, माणसं समोर बसली होती आणि आईची इच्छाही तीच होती. खळ्यात येऊन मी पर्यवेक्षकांना फोन लावला. ते म्हणाले, तो फेब्रुवारीचा बहुतेक काळ दिव्यात होता, त्याची नोंद दिव्यातच. शेजाऱ्याला सांगायला लाव. मग आम्ही दोघांनी मिळून त्याच्या शेजारणीला फोन केला. चौघांची नावं, वयं, शिक्षण, सगळं तिला वहीवर लिहून घ्यायला लावलं, की मोजणीवाल्या बाई दुसऱ्या फेरीला आल्या की त्यांच्यापुढे धर. दोन दिवसांनी त्याचा फोन आला, काम झालं म्हणून. मी त्या दिवशी केलेलं एवढंच काम मला आजही समाधान देतं.

आत येऊन मी आजींचं पत्रक काढलं. एकट्या माणसाचं कुटुंब होतं. तिच्या नोंदीवर रेघ मारायची, खाली सही करायची आणि गोषवाऱ्यात स्त्रियांच्या संख्येतून एक वजा करायचा. रेघ मारताना हात त्या ३ च्या आकड्यापाशी आला. आईच्या नोंदीबरोबर तो आकडाही जाणार होता. भाऊ बघत होते. थोरल्याने विचारलं, “म्हणजे आता आमच्या घरात किती?”

“एकही नाही,” मी म्हटलं. घरात तेव्हा उभं राहायला जागा नव्हती.

३१ मार्चला आकडे जाहीर झाले. महाराष्ट्र ११ कोटींच्या वर गेला होता. पक्के आकडे आले ते ११ कोटी २३ लाख ७४ हजार ३३३. दहा वर्षांत दीड कोटीहून जास्त माणसं वाढली. आणि रत्नागिरी जिल्हा? २००१ मध्ये १६,९६,७७७ होता, २०११ मध्ये १६,१५,०६९. ८१ हजार ७०८ माणसं कमी. सिंधुदुर्गही घटला. मुंबई शहर जिल्हासुद्धा अडीच लाखांनी घटला, कारण लालबाग-परळच्या चाळींतली माणसंही विरार-डोंबिवलीकडे सरकली होती. हे सगळे ओघ जिथे जाऊन मिळाले त्या ठाणे जिल्ह्याने, तेव्हा पालघर वेगळा झाला नव्हता, १ कोटी १० लाख ओलांडले. देशातला सगळ्यात मोठ्या लोकसंख्येचा जिल्हा. आजींची तिन्ही मुलं त्यात आहेत.

तेव्हा एका सभेत वक्ते कौतुकाने सांगत होते, की रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया आहेत, राज्याचा आकडा ९२९ असताना. मला उठून बोलावंसं वाटलं. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांत बघा, तिथे रत्नागिरीतही मुलीच कमी आहेत. ते ११२२ म्हणजे गावाबाहेर गेलेले पुरुष आहेत. माझ्या बीडचा तोच लहान मुलांचा आकडा ८०७ आला होता. हजार मुलग्यांमागे ८०७ मुली. तो कागद मी कुणाला दाखवू शकलो नाही, इतकी लाज वाटली.

माणसं कमी झाली की बाकीच्या गोष्टीही जातात. २००१ च्या आकड्यांवर मतदारसंघांची फेररचना झाली आणि २००९ च्या निवडणुकीपासून संगमेश्वर नावाचा विधानसभा मतदारसंघच उरला नाही. ठाणे जिल्ह्याच्या जागा २४ झाल्या. शाळांचंही तसंच, पटसंख्येवर ठरतं. माणूस जिथे असेल तिथे पाणी, दवाखाना, रेल्वे हवी, याबद्दल माझं दुमत नाही. नालासोपाऱ्याच्या लोकलमध्ये मीही लोंबकळलो आहे. पण ज्या गावाने माणसं वाढवून दिली त्याच्या हिशेबात काहीच जमा धरायचं नाही, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

त्या दिवशी पाखाडी उतरलो तेव्हा साडेपाच झाले असतील. धाकटा मला रस्त्यापर्यंत सोडायला आला. म्हणाला, यंदा शिमग्याला सुतक फिटलेलं असेल, पण आई नाही तर पालखी घरात कोण घेणार? होळी सतरा दिवसांवर होती. माझं पत्रक शिमग्यात भरलं असतं तर त्या वाडीतल्या एकवीसच्या एकवीस घरांत माणसं सापडली असती.

खोलीवर आलो आणि गावी फोन लावला. माझ्या गावी फेब्रुवारी-मार्चमध्ये निम्मी घरं बंद असतात. माणसं ऊसतोडीला गेलेली असतात. भाऊ-वहिनी कोयता घेऊन सांगलीकडच्या फडावर होते. आई नातवंडांना घेऊन घरी.

“मोजायला मास्तर आले होते का गं?”

“आल्ते की. लई इचारलं त्यांनी.”

“लेकरं किती, विचारलं का?”

“इचारलं. दोन ल्योक म्हनलं, एक लेक. मास्तर म्हनले, नावं नाय लिवायची त्यांची, ती हितं नाईत.” थोडा वेळ फोनवर नुसता पंख्याचा आवाज येत होता. “तुला तिकडं मोजलं का पर कुनी?”

“मोजलं,” मी म्हटलं. “बारा तारखेलाच मोजलं.”

“आन् जेवलास का?”