आमच्या गणपतीतली ‘अक्षरं’

गौरी गेल्या की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या चाळीच्या मंडपात ‘अक्षरं’ असतात. कार्यक्रमपत्रिकेत ‘इंग्रजी शब्दस्पर्धा, खुला गट’ असं छापलेलं असतं, पण तसं कोणी म्हणत नाही. “आज अक्षरं ना?” एवढंच विचारतात. आरती, नारळ, पाहुण्यांना शाल आणि अध्यक्षांचे दोन शब्द (ते दोन कधीच नसतात) हे सगळं इथे गाळतो. गिरगावातल्या कुठल्याही मंडळात ते असंच असतं.

गणपतीत इंग्रजी कशाला, हा प्रश्न पहिल्या वर्षीपासून आहे. विचारणारे त्या संध्याकाळी कधी खाली उतरलेले मी पाहिले नाहीत. ज्यांनी हे सुरू केलं ते तळमजल्यावरचे काका फोर्टातल्या एका छापखान्यात इंग्रजीचे जुळारी होते. शिक्षण बेताचं, बोलायला इंग्रजी जवळजवळ नाही. पण शिशाचे उलटे खिळे, म्हणजे छपाईची अक्षरं, जुळवत आयुष्य गेल्यामुळे प्रत्येक शब्दाचं अंग न् अंग हातात बसलेलं. कॉपी, म्हणजे छापायचा मजकूर, नुसती डोळ्यांखाली असली की पुरे. कोणतं अक्षर किती लागतं हे त्यांना केसच्या, म्हणजे खिळे ठेवायच्या खोक्याच्या, खणांवरून माहीत होतं. ‘ई’चा खण सगळ्यात मोठा आणि हाताशी, ‘क्यू’ आणि ‘झेड’चे खण कडेला, चिमूटभर. त्याच अंदाजाने त्यांनी बुटांच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून अक्षरं केली, ‘ई’ भरपूर आणि ‘क्यू’ एकच. स्क्रॅबल या शब्दखेळाबद्दल मी फार नंतर वाचलं. मंदीत नोकरी गेलेल्या अल्फ्रेड बट्स या अमेरिकन वास्तुविशारदाने १९३०च्या दशकात वर्तमानपत्रातली अक्षरं मोजून तो खेळ बसवला. शंभर सोंगट्यांत ‘ई’ बारा, ‘क्यू’ एक. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, “मोजायला कशाला पाहिजे? छापखान्यात यायचं ना.”

पहिल्या फेरीत पिशवीतून पाच अक्षरं काढायची आणि ती सगळी असलेला शब्द सांगायचा, पुढेमागे काहीही चालेल. ही फेरी मुलांची. खरी गंमत दुसरीत. तिच्यात फळ्यावर तीन अक्षरं लिहितात आणि ती त्याच क्रमाने, एकमेकांना चिकटून शब्दात यायला हवीत. वेळ तीन मिनिटं. बहुतेकांची गाडी इथे अडते, कारण अक्षरं बघून वाटतं की असा शब्द असणंच शक्य नाही. काका सांगायचे, “सांधा शोधा. एक शब्द कुठे संपतो आणि दुसरा कुठे लागतो ते बघा.” एच, टी, डब्ल्यू आले तेव्हा सगळे डोकं खाजवत बसले होते आणि क्रिकेटवाल्या पोरांच्या घोळक्यातून एकदम ओरडा आला, “नाइटवॉचमन!” नाइटच्या शेवटचे एच-टी, वॉचमनचा डब्ल्यू. अक्षरं तेरा. त्या पोराने शाळेत इंग्रजीत काय दिवे लावले होते ते मला माहीत आहे, म्हणून जास्तच कौतुक.

सांध्याचा नियम फसतो तो आपल्याकडून तिकडे गेलेल्या शब्दांत. एम, के, एच अशी अक्षरं फळ्यावर आली तेव्हा तीन मिनिटं संपत आली तरी मंडप गप्प. मग कोणीतरी कपाळावर हात मारला. जिमखाना! मरीन ड्राइव्हला फिरायला जाताना ओळीने जिमखान्यांच्या पाट्या वाचणारी आम्ही माणसं, आणि कुणाच्या डोक्यात आलं नाही. ‘क्यू’च्या मागे ‘यू’ नको असं सांगितलं की कोणीतरी इराक म्हणतो आणि विशेषनाम म्हणून बाद होतो. मग मागून कव्वाली येते आणि परीक्षक सरांची डिक्शनरी ती मान्य करते. एक चाल मात्र माझ्यावर मुद्दाम केली जाते. ओ-ओ, के-के, ई-ई अशा तीन जोड्या ओळीने लिहिल्या की अख्खा मंडप वळून माझ्याकडे बघतो. उत्तर ‘बुककीपर’, आणि मंडळाची हिशेबाची वही बरीच वर्षं माझ्याकडे होती. दरवर्षी तोच विनोद. मला आवडतो.

शब्द नुसता कागदावर लिहून चालत नाही, हा काकांचा नियम. उभं राहायचं, एकेक अक्षर मोठ्याने म्हणायचं आणि अर्थ मराठीत सांगायचा. २००० सालापासून पहिलीला इंग्रजी आलं; आमच्या पिढीने ए-बी-सी गिरवली ती पाचवीत. त्यामुळे नातवंडं भराभर स्पेलिंग सांगून खाली बसतात, तर मोठी माणसं ‘सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर’च्या चालीवर, मान हलवत, एकेक अक्षर ठेवत जातात. शेवटच्या अक्षराला मंडप आपोआप साथ देतो. ऑर्केस्ट्रा, नाटुकली, फॅन्सी ड्रेस सगळं मी पाहिलं आहे. डोळे भरून येतात ते इथेच.

त्यातही पहिल्या माळ्यावरच्या मावशींचं विसरता येत नाही. त्या इस्पितळात आया होत्या. त्या वर्षी तरुण कार्यकर्त्यांनी खोडी म्हणून फळ्यावर एक्स, वाय, झेड लिहिलं. असा शब्दच नसणार या खात्रीने पोरं हसत होती आणि परीक्षक सरांकडेही उत्तर नव्हतं. मावशी उठल्या, पदर खोचला आणि सुरू झाल्या: “एच, वाय, डी, आर, ओ...” आणि मग सावकाश, “एक्स, वाय, झेड”. पुढची तीन अक्षरं गलक्यात कुणालाच ऐकू आली नाहीत. हायड्रॉक्सीझीन. अर्थ विचारला तर म्हणाल्या, “खाजेची गोळी. घेतली की झोप येते.” सरांच्या डिक्शनरीत शब्द नव्हता. मावशींनी नातवाला वर पिटाळून गोळ्यांचं पाकीट मागवलं. सरांनी चष्मा लावून पाकिटावरची बारीक अक्षरं वाचली, ते पुढच्या रांगेत फिरवलं आणि माइकवर म्हणाले, “मान्य.” मावशींनी पाकीट मोजून परत घेतलं.

आता थोडं कडू. विसर्जनाला मिरवणुकीत जागा नसते, महाप्रसादाची रांग जिन्यावरून वर जाते, आणि अक्षरांना खुर्च्या रिकाम्या. डोंबिवली-विरारला गेलेल्यांचं समजू शकतो, शेवटच्या लोकलची चिंता असते. पण गॅलरीत उभे राहून वरूनच उत्तरं ओरडणाऱ्यांनी चार पायऱ्या उतरायला काय हरकत आहे? एका वर्षी कार्यक्रम बंद करून त्या जागी डीजे आणायचा ठराव आला होता. कोणी मांडला ते लिहीत नाही, त्यांना माहीत आहे. दुसरी कटकट मोबाइलची. अक्षरं टाकली की पडद्यावर शब्दांची माळच येते. एका मुलाने त्यातून असा शब्द उचलला की त्याला तो वाचताही येईना. अर्थ विचारल्यावर खाली बसला. तेव्हापासून सगळे फोन आधी प्रसादाच्या मोठ्या पातेल्यात जमा होतात. ही माझी सूचना होती.

नावं घेतली तर राहून गेलेले रागावतात, म्हणून कामांवरून सांगतो. अक्षरांची पिशवी मंडपाच्या उरलेल्या कापडातून शिवून देणारे शिंपीकाका. फळा डोक्यावर घेऊन येणारे शेजारच्या शाळेचे शिपाईमामा. वेळ धरणारे कबड्डीचे पंच, जे एक सेकंदही सोडत नाहीत, स्वतःच्या मुलीलाही नाही. डिक्शनरी आणणारे सर, आणि ती रिक्षातून उतरवून घेणारा त्यांचा भाचा. पेन्सिलींना टोकं काढणारी मुलं. चहा करणाऱ्या तिसऱ्या माळ्यावरच्या वहिनी, आणि दूध-साखर त्यांच्या जाऊबाईंची, हे स्पष्ट लिहितो, कारण मागच्या आभारप्रदर्शनात ते राहिलं आणि दिवाळीपर्यंत मला ऐकून घ्यावं लागलं. झिजलेले पुठ्ठे बदलून नवे कापणारी काकांची सून. ‘ई’ सगळ्यात आधी झिजतात. खुर्च्या उचलणारे सगळे. फोनच्या पातेल्यावर पहारा देणारे आजोबा.

आणि स्पीकरवाला. त्याचं मागच्या वर्षीचं बिल अजून द्यायचं आहे. सध्याच्या खजिनदारांनी गणपती बसायच्या आत मनावर घ्यावं.