मिस्सानंतर कडवंची

मे महिन्यातला रविवार. जालन्यात आमच्या चर्चमध्ये सकाळच्या मिस्सात, म्हणजे रविवारच्या उपासनेत, पावसासाठी प्रार्थना झाली. ती दर मे महिन्यात होतेच. बाहेर आल्यावर मावशी म्हणाली, "देवाला सांगून झालं, आता कडवंचीला चल." कडवंची म्हणजे जालन्याजवळचं, पाणी अडवून द्राक्षं पिकवणारं गाव.

मावशीची मोसंबीची बाग २०१२-१३च्या दुष्काळात गेली. टँकर ओतून ओतून शेवटी कुऱ्हाड लावली. तेव्हापासून कुणाच्याही वावरात शिरली की ती आधी विहिरीत डोकावते.

सिंदखेडराजाच्या रस्त्याला नांगरून तापत टाकलेली काळी रानं. कडवंचीत मात्र मांडवावर द्राक्षांची नवी फूट. एप्रिलची खरड छाटणी होऊन गेलेली.

मला या गावाची ओढ वेगळ्या कारणाने. इथलं पाणलोटाचं, म्हणजे उतारावरचं पाणी अडवून जिरवायचं काम १९९६ ते २००२ या काळात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून झालं. त्या कार्यक्रमामागचा माणूस म्हणजे स्वित्झर्लंडहून येऊन नगरकडे हयात घालवलेले जेझुइट (कॅथलिक संघातले धर्मगुरू), फादर हर्मन बाखर. कडवंचीत ते काम उभं केलं शेतीतज्ज्ञ विजयअण्णा बोराडे, जालन्याचं कृषी विज्ञान केंद्र आणि गावकऱ्यांनी. कार्यक्रमाच्या अटी श्रमदानाच्या, कुऱ्हाडबंदीच्या, चराईबंदीच्या. बाप्तिस्म्याची अट नव्हती, हे आमच्याकडच्या काही उत्साही मंडळींसाठी मुद्दाम लिहितोय.

पोप फ्रान्सिस यांचं पृथ्वीच्या काळजीवरचं पत्र २०१५ साली आलं, तेव्हा आमच्या चर्चनेही झाडं लावली होती. किती जगली, विचारू नका. उत्पत्तीच्या पुस्तकात देव माणसाला बागेत ठेवतो ते मशागत करायला आणि राखायला. मशागत आम्हाला नीट ऐकू आली.

एक दादा आम्हाला उतारावर घेऊन गेले. माथ्यावर समतल चर (उताराला आडवे, एका पातळीत खणलेले), त्याखाली बांधबंदिस्ती, नाल्यावरचे बांध सगळ्यात शेवटी. "वरच्यानं अडवलं नाही, तर खालच्याचा बांध पहिल्याच पावसात गाळानं भरतो नाहीतर वाहून जातो," दादा म्हणाले. मावशीने हे दोनदा विचारून घेतलं.

शेततळी मात्र तिला पटली नाहीत. तळाला अंथरलेल्या काळ्या प्लास्टिक कागदावरचं ते हिरवट पाणी बघून म्हणाली, "विहिरीतलं उपसून इथं आणायचं, अन् इथलं उन्हानं न्यायचं?"

"सगळंच पावसाचं नाही, खरंय मावशी," दादा हसले. "म्हणून तर ठिबकनं मोजून देतो."

मला मावशीचंच पटलं. जमिनीतलं पाणी सगळ्या गावाचं, तळ्यातलं एकट्याचं. कडवंचीचं कौतुक करताना हेही बोलायला हवं.

परतताना मावशी गप्प होती. फाट्यावर चहा घेताना म्हणाली, "आमच्या वावराच्या वरचं रान भाऊजींचं आहे."

मला माहीत होतं. बांधाच्या भांडणावरून सात वर्षं दोन्ही घरांचं बोलणं बंद आहे.

तिने माझा फोन मागितला. तिचा नंबर बघून ते उचलणार नाहीत म्हणे. रिंग पूर्ण वाजली, कुणी उचलला नाही. मावशीने बशीतला चहा संपवला आणि परत लावला.