मरळीतली लाल अळी

मरळीच्या पोटातून लाल अळी निघाली की अख्खा मासा उकिरड्यावर जातो, आणि दुसऱ्या दिवशी मासेवाल्या मावशींना चार गोष्टी ऐकाव्या लागतात. मला याचं फार वाईट वाटतं. आमचं घर उजनीच्या काठावरचं, भोयांचं. वडील जाळी टाकायचे, मी आता कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. म्हणून ठामपणे सांगते, तो मासा सडका नसतो. सडक्या माशाचे डोळे आत गेलेले असतात, कल्ले काळपट पडतात, बोटाने दाबलं तर खड्डा तसाच राहतो. अळीवाली मरळ मात्र फडफडीत ताजी असू शकते.

परवा विळीवर अशीच एक निघाली. काळजाशेजारी पातळ पडद्याच्या पिशवीत गुंडाळून बसलेली. सुईने पडदा फाडला तर बोटभर लांब उलगडली, शेवईएवढी जाड, रक्तासारखी लाल. मिठाच्या पाण्यात टाकली तरी बराच वेळ वळवळत होती.

हिचं नाव युस्ट्राँजिलायडिस. हिचं खरं घर म्हणजे पाणकावळ्याचं किंवा बगळ्याचं पोट. तिथे ती मोठी होते, अंडी घालते. विष्ठेतून अंडी पाण्यात पडतात, गाळातले बारीक जंत ती खातात, जंतांना छोटे मासे आणि छोट्या माशांना मरळ. मरळीत ती पुढे वाढतच नाही, पक्ष्याने मासा गिळण्याची वाट बघत पडून राहते. म्हणजे कोणी मासा बिघडवलेला नाही, औषधही टोचलेलं नाही. जिथे पक्षी, गाळ आणि मासे आहेत तिथे ही असू शकते.

धोका आहे तो कच्चं खाण्यात. 1982 मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये काही मच्छीमारांनी जिवंत बारके मासे गिळले. याच अळ्यांनी त्यातल्या दोघांची आतडी पोखरली आणि त्यांच्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. मृगात हैदराबादला दम्यासाठी जिवंत मरळीचं पिल्लू गिळायला देतात. आमच्याकडूनही लोक जातात. मी माझ्या लेकराला ते कधीच देणार नाही.

लिंबू, मीठ, व्हिनेगर यांच्या भरवशावर राहू नका. अळी काढून टाका आणि कालवण चांगलं उकळू द्या. तुकडी तळत असाल तर काट्याजवळचं मांसही पांढरं होऊन सुटलं पाहिजे. उणे 20 अंशांवर सात दिवस ठेवलं तरी जंत मरतात, पण घरच्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा तेवढा थंड असतोच असं नाही.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. पोटातली घाण मांजरांपुढे टाकू नका. मरळीत नॅथोस्टोमा नावाचा आणखी एक जंत सापडतो. तो मांजर-कुत्र्यांच्या जठरात वाढतो आणि त्यांच्या विष्ठेतून पुन्हा पाण्यात जातो. कच्च्या माशातून माणसात आला तर कातडीखाली फिरतो, क्वचित डोळ्यातही शिरतो. म्हणून ती घाण खोल खड्ड्यात पुरा आणि वर दगड ठेवा, म्हणजे कुत्री उकरणार नाहीत.