तुम्ही विचारलंत म्हणून: कारपूलिंगच्या अ‍ॅपने हिंजवडीची कोंडी का सुटत नाही?

मी पुण्यात कारपूलिंगचे मोबाइल अ‍ॅप तयार करण्याचे काम करतो, हे कळले की समोरचा माणूस हमखास विचारतो: हिंजवडीच्या रस्त्यावर एकेका गाडीत एकेकच जण असतो, मग तुमच्या अ‍ॅपने चौघांना एकत्र बसवले की कोंडी का सुटू नये?

सहप्रवासी जुळवणे सोपे नाही, पण ते सुटणारे गणित आहे. नकाशावर बालेवाडी आणि वाकड शेजारी दिसतात, मात्र मध्ये मुळा नदी आहे. त्यामुळे दोन घरांमधले सरळ रेषेतले अंतर उपयोगाचे नसते आणि गाडी ज्या रस्त्याने जाणारच आहे त्यावर दुसरा कोठे उभा राहील, त्याला घेताना चालकाची किती मिनिटे जातील, हे मोजावे लागते.

खरी अडचण संध्याकाळची आहे. सकाळी साऱ्यांना साधारण एकाच सुमारास पोहोचायचे असते. परतताना मात्र कोणाची मीटिंग लांबते, कोणाचा परदेशी ग्राहकाशी कॉल रात्री असतो, आणि परत कसे यायचे ही शंका ज्याच्या मनात असते तो सकाळीच स्वतःची गाडी बाहेर काढतो. परतीची ही खात्री एका चालकाच्या भरवशावर देता येत नाही. त्यासाठी त्याच मार्गावर वेगवेगळ्या वेळी निघणाऱ्या पुष्कळ गाड्या नोंदलेल्या हव्यात, आणि तरीही कोणी मागे राहिलाच तर त्याच्या कॅबचे पैसे कंपनीने द्यावेत, असे माझे मत आहे. (कंपन्यांचे मत अर्थातच वेगळे असते.)

चालकाला कमाईचे आमिषही दाखवता येत नाही, कारण 1988 च्या मोटार वाहन कायद्यानुसार भाडे घेऊन प्रवासी नेण्यास परवाना लागतो आणि पांढऱ्या पाटीच्या गाडीला तो नसतो. केंद्राच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनी, राज्याची मनाई नसल्यास, अशा सहप्रवासाला शहरात दिवसाला 4 फेऱ्यांची मुभा दिली. महाराष्ट्राने जानेवारी 2023 मध्ये मनाईच केली होती.

अमेरिकेत वॉशिंग्टनच्या उपनगरांत मात्र 1970 च्या दशकापासून, अ‍ॅप नसतानाही, लोक ठरलेल्या जागी रांग लावून अनोळखी गाड्यांत बसत आले, कारण पुरेशी माणसे असलेल्या गाड्यांसाठी महामार्गावर राखीव मार्गिका होती. चालकाचा वेळ वाचतो, सहप्रवाशाचा प्रवास फुकट होतो. आपल्याकडे भरलेली गाडीही एकट्याच्या गाडीमागेच तिष्ठते. तो वेळ कोणतेही अ‍ॅप देऊ शकत नाही, रस्त्याची आखणी करणाऱ्यांनीच तो द्यायला हवा.

शिवाय पीएमपीची बस सोडून आमच्याकडे आलेल्या प्रवाशामुळे रस्त्यावरची एकही गाडी कमी होत नाही. म्हणूनच नोंदणी करताना आम्ही प्रत्येकाला तो एरवी कशाने जातो हे विचारतो, आणि फेऱ्यांच्या आकड्यापेक्षा त्या उत्तरांकडे अधिक पाहतो.