पश्चिमेची खिडकी आणि मोटरचा पडदा

सोलापूरचा मे महिना म्हणजे काय ते इथं राहणाऱ्यालाच कळतं, पारा ४२-४३ आणि आमच्या हॉलची मोठी खिडकी नेमकी पश्चिमेला. दुपारी तीननंतर सोफ्याचं रेक्झिन एवढं तापायचं की बसलं की चटका. एसी २४ वर लावून ठेवला तरी कॉम्प्रेसर काय बंद पडायचा नाही, मीटर आपलं पळतंय.

म्हणून मागच्या वर्षी मोटरवाला रोलर पडदा बसवला, टायमर लावला की अडीचला आपोआप खाली, सातला वर. आई आधी म्हणाली, "पडदा ओढायला पण मशीन लागतं का रे तुम्हाला?" पण खरी गोम तीच आहे, आम्ही दोघं ऑफिसात, आई दुपारी झोपलेली, ओढणार कोण? घर एकदा तापलं की भिंती रात्री अकरापर्यंत गरम.

एक चूक मात्र झाली, पहिला पडदा गडद चॉकलेटी घेतला आणि तोही काचेच्या आतून. ऊन काचेतून आत आलं की ते कापडच तापतं आणि ती उष्णता खोलीतच राहते की वो! मग आतला बदलून पांढऱ्या पाठीचा घेतला, आणि बाहेरून आईनं सरळ जुनी सोलापुरी चादर बांधली. खरं सांगू, जास्त फरक त्या चादरीनं पडला, कारण ऊन काचेपर्यंत पोचतच नाही. आता खिडकीच्या बाहेरून बसणारा मोटरवाला पडदा बघतोय, पण भाव ऐकून सध्या चादरच चालू आहे.

थंडीत टायमर उलटा, दुपारी पडदा वर.