मग पाळलास कशाला?

पुण्याची मावशी फोनवर विचारते, ऑफिसात नवीन आलेली मुलगी डबा खाताना विचारते, समोरच्या बेन तर वर्षातून दोनदा विचारतात. "दिवसभर कुत्र्याला एकट्याला कोंडून जातेस, जीव होतो तरी कसा?" मी तोंड उघडायच्या आत पुढचा प्रश्न तयार असतो: "मग पाळलास कशाला?"

विचारलंत म्हणून सांगते. टिप्या सकाळी सव्वानऊ ते संध्याकाळी साडेसहा एकटा असतो. त्याआधी पहाटे पाऊण तास आम्ही हिंडून येतो. साडेबाराला कामाची बाई येते, ती त्याला अंगणात सोडते. वयात आलेलं कुत्रं दिवसाचे बारा-चौदा तास झोपतंच. तुमचं सोफ्यावर झोपतं, माझं दाराशी. पहिल्या वर्षी त्यानं दाराची चौकट कुरतडली, तेव्हा मी रेडिओ लावून जायचे. गाण्यांनी त्याला बरं वाटतं, असं सगळ्यांना सांगायचे. बरं मलाच वाटायचं. उपयोग झाला तो दुसऱ्याच गोष्टीचा. सुट्टीच्या दिवशी उगाच किल्ल्या वाजवायच्या आणि कुठंच जायचं नाही. मग दोन मिनिटं बाहेर थांबून परत यायचं, मग पाच, मग पंधरा. दीड महिना लागला. मावशीनं तिच्या जावयासाठीसुद्धा एवढं केलेलं नाही.

हे झालं वकिली उत्तर. आता खरं.

३१ जुलै २०१९, बुधवार. बडोद्यात ही तारीख कुणाला समजावून सांगावी लागत नाही. चोवीस तासांत जवळजवळ ५०० मिलिमीटर पाऊस. मी मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, जीआयडीसीत. पगाराचं काम माझ्याकडे, त्यात महिनाअखेर. दोन वाजता एक सहकारी म्हणाला, "चला, गाडी आहे, समा भागापर्यंत सोडतो." मी म्हटलं, फाइल पाठवते आणि निघते. पगार एक दिवस उशिरा झाला असता तर कुणी मेलं नसतं, हे मला तेव्हाही कळत होतं. फाइल पावणेपाचला गेली. पाचला गेटाबाहेर रस्ताच उरला नव्हता.

बाई त्या दिवशी आली नव्हती. घर तळमजल्याचं टेनामेंट, मागे नाला, नाला विश्वामित्री नदीला मिळतो. आणि विश्वामित्री म्हणजे मगरी. त्या पुरातला एक व्हिडिओ पुढं गावभर फिरला, गल्लीतल्या पाण्यात कुत्र्यावर झेपावणाऱ्या मगरीचा. त्या रात्री तो मी पाहिला नव्हता, पण बडोद्याच्या माणसाला व्हिडिओ कशाला लागतो? किल्ली समोरच्या बेनकडे होती. त्या सासूला आणि मुलांना घेऊन गच्चीवरच्या खोलीत गेल्या होत्या, खाली कमरेएवढं पाणी. त्यांना कुत्र्याची भीती वाटते, हेही मला ठाऊक होतं. तरी मी फोन करून म्हटलं, "जरा जाऊन बघाल का?" दोनदा म्हटलं. त्या दोन्ही वेळा नुसतं "हा, हा" म्हणाल्या. त्याची मला आजही लाज वाटते, आणि तिसऱ्यांदा फोन लागला असता तर तिसऱ्यांदाही म्हटलं असतं.

दुसऱ्या दिवशी साडेबारा वाजता, शेवटचा टप्पा काठी टेकत पाण्यातून चालत, पोचले. दार ढकलायला दोघं लागले. आत पाणी गुडघ्याखाली आलेलं, भिंतीवर ओल मांडीपर्यंत. जेवणाच्या टेबलावर, अगदी मधोमध, टिप्या उभा. भुंकला नाही. शेपटी हलली नाही. मीटर बघायला आलेल्या माणसाकडे बघावं तसं त्यानं माझ्याकडे बघितलं. उचलून जिन्याच्या कोरड्या पायरीवर ठेवला, तेव्हा तिथंच, तोंड दुसरीकडे करून, बराच वेळ मुतला. टेबल स्वच्छ होतं. सत्तावीस तास.

बेन म्हणाल्या, "दस वाग्या सुधी भसतो'तो, पछी बंध थई गयो." दहा वाजेपर्यंत भुंकत होता, मग बंद झाला.

दहानंतरचं मला कुणीच सांगू शकत नाही. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्याच तासांत कुठंतरी असणार.

त्यानंतर मी घरात कॅमेरा लावला. आठवडाभर ऑफिसातून पाहत होते: तो झोपतो, उठून दाराशी जातो, परत झोपतो. काढून टाकला. त्याला त्रास होत नाही याचा पुरावा हवा होता. दिसलं ते दोन्ही बाजूंनी वापरता येण्यासारखं होतं. तेव्हाची मी म्हणायची, नोकरी सोडून दे, किंवा दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाक त्याला. आताची मी तिला विचारते, अकरा वर्षांच्या कुत्र्याला कुणाकडे? आणि मी घरी बसले तर त्याचा डॉक्टर कोण भरणार? ती गप्प होते. पण पटलेलं नसतं तिला.

२०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री धोक्याची २५ फुटांची खूण ओलांडून ३५च्याही वर गेली. पाऊस लागला तेव्हा जन्माष्टमीची सुट्टी होती, मी घरीच होते. पाणी अजून नाल्यातच होतं, तेवढ्यात टिप्या टेबलावर चढून उभा. मी शेजारी असून.

आज सकाळी आभाळ भरून आलं होतं. मी किल्ल्या उचलायच्या आतच तो वर गेला. आता उतरताना त्याचे मागचे पाय थरथरतात, म्हणून टेबलाला खुर्ची लावून ठेवली. आज एकतीस तारीख आहे. कुलूप लावलं आणि निघाले.