आमची वाटचाल: नाव शेवटी वाचायचं

आमच्या कामाची सुरुवात दुरुस्तीपासून झाली. वडील बंदुकांचे फुटलेले दस्ते सांधायचे, खिळखिळ्या झालेल्या नळ्या पुन्हा घट्ट बसवायचे. जुन्या दुनळीची पारख करून लेखी अहवाल देणं हे आज आमचं मुख्य काम आहे, पण ते माझ्या एका चुकीतून सुरू झालं.

बारा बोअरची एक दुनळी तपासायला आली होती. नळ्यांमधल्या पट्टीवर लंडनच्या नामांकित कारागिराचं नाव होतं, बाजूच्या पाट्यांवर गुलाब आणि वेलबुट्टी. नाव वाचून, नक्षी पाहून मी ‘अस्सल’ असं सांगून टाकलं. वडिलांनी काही न बोलता पुढचं लाकूड काढलं, नळ्या उतरवल्या आणि बुडाची सपाट बाजू माझ्यापुढे धरली. तिथे लंबगोलात ‘ईएलजी’ ही अक्षरं होती, म्हणजे बेल्जियममधल्या लिएजच्या प्रूफ हाउसची खूण. प्रूफ हाउस म्हणजे जादा दाबाने नळ्यांची चाचणी घेऊन शिक्का मारणारी संस्था. लंडनची एकही खूण नव्हती. बाजूच्या पाट्याही केवळ शोभेच्या. आतली यंत्रणा बॉक्सलॉकची, म्हणजे बाजूच्या पाट्यांवर नव्हे तर मधल्या ठोकळ्यात बसवलेली निघाली. मी मालकांना त्याच दिवशी फोन करून माझा शब्द मागे घेतला.

तेव्हापासून आम्ही पट्टीवरचं नाव शेवटी वाचतो. आधी नळ्या, अ‍ॅक्शन (नळ्यांमागचा यंत्रणेचा भाग) आणि पुढचं लाकूड यांवरचे क्रमांक जुळवायचे, मग प्रूफच्या खुणा. मुकुटाखाली ‘बीपी’ आणि ‘बीव्ही’ असेल तर ती बर्मिंगहॅमची १९०४ पासूनची पद्धत. ‘नॉट फॉर बॉल’ (एकसंध गोळीसाठी नाही) असं कोरलेलं असेल तर चोक असलेली, म्हणजे तोंडाशी किंचित अरुंद केलेली, १८७५ ते १८८७ या काळातली नळी. मात्र घाई करून चालत नाही. जुनी बंदूक पुढे कधीतरी पुन्हा चाचणीला गेलेली असू शकते, म्हणून वयासाठी सर्वांत जुनी खूण शोधावी लागते. घराण्यातली आठवणही तपासावी लागते. ‘पणजोबांनी १८६० मध्ये घेतली’ असं सांगून कोणी अ‍ॅन्सन-डीली पद्धतीची बॉक्सलॉक पुढे ठेवली, तर साल चुकलेलं असतं, कारण त्या रचनेचं पेटंटच १८७५ चं आहे.

कारागिरी पाहण्यात मात्र मला खरा आनंद मिळतो. दस्त्यात बसवायचा लोखंडी भाग वडील दिव्याच्या काजळीवर धरायचे, लाकडात दाबून काढायचे आणि जिथे काळं लागलं तेवढंच छिन्नीने खरवडायचे. असं दहादहा वेळा केलं की लोखंड आणि लाकूड यांच्यामध्ये केसही जात नाही. चांगल्या दुनळीत हा सांधा शंभर वर्षांनीही मिटलेला दिसतो. स्क्रूच्या खाचा बारीक आणि नळीच्या दिशेने एका रेषेत असतात. त्या कुरतडलेल्या दिसल्या की कोणीतरी अडाणीपणे बंदूक उघडलेली आहे हे कळतं. हाताने कोरलेल्या नक्षीची कड भिंगाखाली धारदार दिसते, आम्लाने खाल्लेल्या नक्षीची कड बोथट. जोहरदार, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेल्या दमास्कस नळीवरचे वळसे खरे असतील तर पुढच्या लाकडाखाली झाकलेल्या भागातही सापडतात.

नळ्या मोकळ्या टांगून हलकी टिचकी मारली की त्या घंटेसारख्या निनादतात. आवाज बसका आला तर मधली पट्टी कुठेतरी सुटली असावी, असा आमचा पहिला संशय. पण कानावर सगळं सोडता येत नाही, म्हणून पैसे साठवून आम्ही नळीच्या भिंतीची जाडी मोजायचं गेज घेतलं. वीस थाऊ, म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर, याहून भिंत पातळ निघाली की अहवालात लाल शाईने तसं लिहितो. काडतुसाच्या खणाची लांबीही मोजतो. जुन्या दुनळीचा खण बहुधा ६५ मिलिमीटरचा असतो; त्यात ७० मिलिमीटरचं काडतूस बसतं, पण उडताना त्याचं तोंड पुरतं उघडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. हे आम्ही प्रत्येकाला समोर बसवून सांगतो.

‘नव्यासारखी चकचकीत करून द्या’ ही मागणी आम्ही नाकारतो. पॉलिशने कडा गोल होतात, अक्षरं पुसट होतात, भिंत आणखी झिजते. यापायी काही ग्राहक गेले, त्याचा त्रासही झाला, पण नकार कायम आहे.

त्या पहिल्या दुनळीचा नवा अहवाल मी वडिलांच्या शेजारी बसून लिहिला. नाव खोटं होतं, पण जोहर अस्सल होता, नळ्या सरळ होत्या, दस्त्याचा सांधा घट्ट मिटलेला होता. लिएजचे नळीकार या कामात वाकबगार होते. म्हणून ‘ओळख’ आणि ‘कारागिरी’ असे दोन वेगळे रकाने केले, आणि दुसऱ्या रकान्यात वडिलांनी स्वतःच्या हाताने ‘उत्तम’ लिहिलं. मालकांनी बंदूक विकली नाही. आमचे अहवाल अजून त्याच दोन रकान्यांत निघतात.